आतल्या बाजूचा रंग

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट कळत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, तीही निपाणीजवळच्या एका खेड्यात. ही वही मी माझ्यापुरती लिहिते आहे. तरी कुणाच्या हाती पडलीच तर आधीच माफी मागते. चुका सोडून द्याव्यात. गोष्ट मात्र घडली तशीच लिहिली आहे.

आमच्या गॅरेजात टॅक्सीवाल्या सिद्दराजूने गाडीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ आपटलीच.

"अक्का, तुमचं मशीन सुळ्ळु सांगतं," तो म्हणाला. सुळ्ळु म्हणजे खोटं. गिऱ्हाइकांशी माझं बोलणं कन्नडातच व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे.

मला परक्या माणसापुढे पटकन बोलता येत नाही. चाकं तोलायच्या मशीनवर अजून त्याच्याच गाडीचं चाक चढवलेलं होतं आणि समोर दोन आकडे दिसत होते. शून्य, शून्य. म्हणजे चाक अगदी बरोबर.

"शून्य दाखवतंय ना? मग स्टीअरिंग का थरथरतं? ऐंशीला सुरू होतं. नव्वदला तर दात वाजतात."

तो चौथ्यांदा आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं. दुसऱ्यांदा गॅरेजच्या मालकांनी त्याला पुढचे दोन टायर नवे घ्यायला लावले. तिसऱ्यांदा पुढची बेअरिंग बदलली. दर वेळी मी चाक मशीनवर चढवायची, मशीन शून्य दाखवायचं, आणि दर वेळी तो बेंगळुरूला जाऊन तसाच परत यायचा.

आता त्याच्या पोटावर आलं होतं. बेंगळुरूच्या एका कंपनीचे पाहुणे विमानतळावरून म्हैसूरला आणायचं काम त्याच्याकडे होतं. आठवड्यातून चार फेऱ्या. कृष्णराजनगरला त्याची थोडी भातशेती होती, पण घर चालायचं ते या गाडीवर. पाहुण्यांनी तक्रार केली होती की गाडीत बसलं की डोकं दुखतं. मॅनेजरने त्याला सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत गाडी नीट कर. नाहीतर दुसरी गाडी लावतो."

त्या दिवशी शुक्रवार होता.

माझं काम काय ते आधी सांगायला हवं. आम्ही शिंपी. म्हैसूरच्या अग्रहारात सासऱ्यांचं शिलाईचं दुकान होतं, ते पुढे माझ्या नवऱ्याने चालवलं. मी नजरबादच्या मागच्या रस्त्यावरच्या गॅरेजात सीट कव्हर शिवायला लागले. रेक्झिन जाड असतं, त्याला मशीनही वेगळं लागतं, म्हणून तिथेच एका कोपऱ्यात मला जागा दिली होती. गॅरेजचे मालक जयवंतराव. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या फौजेत घोडेस्वार होते, असं ते नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे.

पुढे अण्णांनी व्हील बॅलन्सिंगचं कंप्युटरवालं मशीन आणलं. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसतं. एका बाजूला दहा ग्रॅम जरी जास्त असलं तरी चाक जोरात फिरताना ती बाजू ओढ घेते आणि गाडी थरथरते. मशीन चाक फिरवून सांगतं की कुठे किती कमी आहे. तिथे शिशाचा छोटा तुकडा ठोकून बसवायचा. काम अवघड नाही, पण घाई चालत नाही. गॅरेजातल्या माणसांना तेवढा दम नव्हता. ते अंदाजाने ठोकून मोकळे व्हायचे. एकदा अण्णा म्हणाले, "सुमनक्का, तू टाके मोजतेस, मग ग्रॅम पण मोजशील." तेव्हापासून मशीन माझ्याकडे आलं. त्याला नऊ वर्षं झाली होती.

नऊ वर्षांत माझ्या मशीनला कुणी खोटं म्हटलं नव्हतं.

अण्णा आतून आले. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि उभे राहिले.

"प्रॉपेलर शाफ्ट," ते म्हणाले.

गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. इंजिनाचं फिरणं तो मागच्या चाकांपर्यंत नेतो.

"बेंगळुरूला पाठवून लेथवर चढवावा लागेल. चार दिवस धर."

"चार दिवस?" सिद्दराजू म्हणाला. "अण्णा, सोमवारी मला विमानतळावर उभं राहायचंय. दांडा बेंगळुरूला आणि मी इथे, तर पाहुण्यांना काय खांद्यावर आणू?"

"मग मी काय करू? जादू?"

"एकदा टायर म्हणालात. एकदा बेअरिंग म्हणालात. आता दांडा. उद्या म्हणाल हॉर्न बदल."

मुनीरभाई कोपऱ्यात हसले. मुनीरभाई आमचे फिटर, मला आपा म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढे, त्यातली पस्तीस वर्षं गाडीखाली आडवं पडून गेलेली. ते म्हणाले, "सार, शाफ्ट काढायच्या आधी एकदा रस्त्यावर बघून येतो. आपाला पण नेतो. चाकं तिनेच केलीत ना?"

मी नको म्हणणार होते. मशीन घेतल्यापासून मी त्या मशीनपुढेच उभी राहिले होते. चाक माझ्याकडे यायचं, गाडी कधी यायची नाही. पण सिद्दराजूने मागचं दार उघडून धरलं होतं. मी माझ्या डब्यातली दोऱ्याची रीळ घेतली आणि बसले. रीळ का घेतली ते मलाही नीट सांगता येणार नाही. शिलाई मशीन हलतंय का ते बघायला आम्ही त्यावर रीळ उभी करून ठेवतो, तेवढंच डोक्यात होतं.

बेंगळुरू रस्ता चौपदरी होऊन फार दिवस झाले नव्हते. त्याआधी त्या रस्त्याने साठच्या वर जाणं म्हणजे धाडस. खड्डे, ऊस भरलेल्या बैलगाड्या, मधेच रस्त्यावर वाळत घातलेली नाचणी. आता रस्ता काचेसारखा झाला होता. श्रीरंगपट्टण मागे पडलं तशी सिद्दराजूने गाडी सोडली.

मुनीरभाईंनी रीळ पुढच्या डॅशबोर्डवर उभी ठेवली. साठला रीळ शांत होती. सत्तरलाही. पंचाहत्तरला ती जागच्या जागी थरथरू लागली. पंच्याऐंशीला चालायला लागली आणि नव्वदला खाली पडली. शंभर झाले तेव्हा थरथर थोडी कमी झाली.

असं का होतं ते मुनीरभाईंनी मला नंतर समजावलं. झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो वाढतो. अवेळी दिला की वाढत नाही. गाडीचीही हलण्याची स्वतःची एक लय असते. चाकाचा धक्का त्या लयीवर पडला की थरथर वाढते. वेग पुढे गेला की लय चुकते.

"ब्रेक मार, हळू," मुनीरभाई म्हणाले. थरथर वाढली नाही. म्हणजे ब्रेकचा दोष नाही.

"आता न्यूट्रल कर. सोडून दे." इंजिनाचा जोर सुटला तरी थरथर तशीच होती. म्हणजे इंजिन नाही.

"आपा, हात ठेव बघू सगळीकडे. तुला काय वाटतं?"

मी आधी पायाखालच्या पत्र्यावर तळहात ठेवला. मग पुढच्या सीटच्या पाठीवर. मग सिद्दराजूने एक हात काढला आणि मला मागून वाकून स्टीअरिंगला बोट लावायला सांगितलं. मला फार लाज वाटली, पण लावलं. तिथे सगळ्यात जास्त होतं. सीट थरथरली तर बहुतेक मागची चाकं, स्टीअरिंग थरथरलं तर पुढची. इथे दोन्ही होतं, पण पुढे जास्त.

"ही जाड आहे," मी म्हणाले.

"काय जाड?"

"थरथर. जाड टाक्याची आहे. बारीक नाही."

मुनीरभाई मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. "बरोबर! शाफ्ट चाकापेक्षा चौपट जोरात फिरतो. तो बिघडला तर मिक्सरसारखी बारीक गुरगुर येते. ही शाफ्टची नाही. ही चाकाचीच."

म्हणजे पुन्हा माझ्यावरच आलं. चाक माझं आणि माझं मशीन म्हणतं शून्य.

परतताना सिद्दराजूने चहासाठी गाडी थांबवली. चहा यायच्या आत त्याने डिकीतून पाना काढला आणि एकेका चाकाचे नट आवळायला लागला. सवयीने तोंड धुवावं तसा.

"हे काय करायलास?" मुनीरभाईंनी विचारलं.

"रोज करतो, भाई. थोडे सैल होतात. सकाळी एकदा आवळले की दिवस जातो."

मुनीरभाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अरे, नट असा रोज सैल होत नसतो. चाक निघून शेतात गेलं असतं म्हणजे? पाहुण्यांसकट?"

"देव आहे ना."

"देव आहे, पण नट कुठे आहे?"

मग मी विचारलं. आपणहून विचारलेला त्या दिवसातला माझा तो पहिलाच प्रश्न. "कधीपासून सैल होतात?"

तो आठवायला लागला. "आयुध पूजेनंतर, अक्का. पूजेला तुमच्याकडे गाडी दिली होती ना, त्यानंतर."

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले.

आमच्या निपाणीकडे जिला खंडेनवमी म्हणतात, तीच म्हैसुरातली आयुध पूजा. आमच्याकडे विळा, कोयता, शिलाई मशीन पुजतात. इथे गाड्यांचं फार मोठं असतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गावातली एकही गाडी हाराशिवाय दिसत नाही. चाकाखाली लिंबू, पुढे केळीचे खुंट, गाडीवरून ओवाळून फोडलेला कोहळा. आणि पूजेच्या आधी गाडी नवीसारखी दिसायला हवी. अण्णांचा नेम होता की नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या चाकांना पूजेसाठी चांदीसारखा रंग फुकट द्यायचा. ही त्यांची दसऱ्याची भेट. चाकं काढायची, रंगवायची, लावायची.

तो रंग दर वर्षी मी लावायची. माझा हात साफ म्हणून.

आणि मी तो दोन्ही बाजूंनी लावायची.

बाकीचे फक्त बाहेरून मारायचे. मला ते बघवायचं नाही. माझे सासरे शिवलेला कपडा हातात घेतला की आधी उलटा करायचे. आत दोरे लोंबत असले, कडा कच्च्या असल्या की बाहेरून बघायचेही नाहीत, परत टाकायचे. मी त्यांच्या हाताखाली शिकले. त्यामुळे चाकाची आतली बाजू, जी गाडीला टेकते, जी कुणाला कधी दिसणार नाही, तिथेही मी रंगाचे दोन हात द्यायची. नटांच्या भोकांच्या कडांनासुद्धा. मुनीरभाईंना मी सांगून ठेवलं होतं की गाडीचा हबही रंगवा, म्हणजे गंज दिसणार नाही. हब म्हणजे गाडीची ती गोल थाळी जिच्यावर चाक बसवतात. त्यांनी तो काळा रंगवला होता.

अजून मला काय झालंय ते पूर्ण कळलं नव्हतं. पण चाक गाडीवर फिरताना बघायचं मी ठरवलं.

गॅरेजात आल्यावर मी मुनीरभाईंना डावं पुढचं चाक जॅकवर उचलायला सांगितलं. माझ्याकडे कापड बेतायचा खडू होता. सायकलच्या चाकाचा आउट काढणारा माणूस तारेजवळ बोट धरतो, चाक फिरवतो आणि कुठे लागतं ते बघतो. मी तेच केलं. स्टुलावर वीट ठेवली, विटेवर हात टेकवला आणि खडू रिमच्या कडेला अगदी लागेल न लागेल असा धरला. मुनीरभाईंनी चाक हळूहळू फिरवलं.

खडूची रेघ एकाच बाजूला उठली. समोरच्या बाजूला रिम कोरी.

"आउट आहे," मुनीरभाई म्हणाले. "चाक डुलतंय."

तेच चाक काढून मी माझ्या मशीनवर चढवलं, रेघ पुसली आणि पुन्हा खडू धरला. चाक फिरलं. रेघ पूर्ण गोल उठली, सगळीकडे सारखी.

मशीनवर सरळ, गाडीवर वाकडं. म्हणजे वाकडेपणा चाकात नव्हता. चाक गाडीला जिथे टेकतं तिथे होता.

मी चाक उलटं केलं. बेअरिंग बदलताना सगळ्यांनी ते उलटं बघितलं होतं. चकचकीत चांदीचा रंग सगळ्यांना दिसला होता. रंग म्हणजे चांगलं काम, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. आता खडू हातात धरून मी पाहिलं. टेकायच्या कडेवर एका बाजूला रंग दाबून दाबून पार निघाला होता, खालचं लोखंड चमकत होतं. दुसऱ्या बाजूला तो साबणाच्या वडीसारखा जाड बसला होता. नखाने उचलला तर पापुद्रे सुटले. पाच की सहा थर होते. प्रत्येक दसऱ्याचा एक, आणि यंदाच्या थराने ते फारच जाड झाले होते.

पूजेच्या गर्दीत रंग वाळायच्या आत चाकं लागायची. ओल्या रंगावर नट आवळले की रंग एका बाजूला जास्त दबतो, एका बाजूला कमी, आणि चाक तेवढंच तिरकं बसतं. पुढे रंगाचे कण झिजून पडतात, तेवढी जागा सुटते आणि नट सैल होतात. माझ्या मशीनची थाळी लहान आहे. ती मधल्या भोकाजवळच टेकते, बाहेरच्या कडेवरचा रंग तिला लागतच नाही. म्हणून मशीन शून्य दाखवत होतं. ते खोटं बोलत नव्हतं. त्याला तेवढंच दिसत होतं.

आणि इतकी वर्षं हे कुणाला कळलं नाही, कारण जुन्या रस्त्यावर ऐंशीने कुणी जातच नव्हतं. रस्त्याच्याच खडखडाटात आमचा दोष लपला होता.

अण्णा आले. मी त्यांना नखावरचा पापुद्रा दाखवला. त्यांना एका क्षणात कळलं. मी काही सांगायची गरज पडली नाही. सिद्दराजू दोन हातांवर, टायरच्या ढिगाजवळ उभा होता.

अण्णा मराठीत बोलायला लागले. गिऱ्हाइकापुढे काही लपवायचं असलं की ते मराठीत बोलायचे. "सुमनक्का, आवाज करू नको. मुनीरला सांग, सगळं खरवडून काढ आणि चाकं लाव. याला सांगू, शाफ्टचं काम केलं. सुम्मने, उगाच, आपणच आपल्या तोंडाला काळं कशाला फासायचं?"

"अण्णा, बाकीच्या गाड्या?"

"बघू हळूहळू."

"त्यांचेही नट सैल असतील."

"बघू म्हटलं ना."

नऊ वर्षांत मी त्यांच्या शब्दापुढे शब्द टाकला नव्हता. तिथून निघून शिलाईच्या कोपऱ्यात जाऊन बसावं असं फार वाटलं. पण समोर तो माणूस उभा होता, ज्याने न बिघडलेले टायर बदलले, न बिघडलेलं बेअरिंग बदललं आणि देवाच्या भरवशावर पाना फिरवला.

मी कन्नडात बोलले. "सिद्दराजू, तुमचे टायर चांगले होते. बेअरिंगही चांगलं होतं. चाकाच्या आतल्या बाजूला रंग बसलाय, त्याने गाडी थरथरते आणि नट सैल होतात. तो रंग मी लावला."

एवढंच बोलले.

"तुला अक्कल आहे का?" अण्णा मराठीत ओरडले. "सगळं ओकून बसलीस!"

तेव्हा सिद्दराजू मराठीत म्हणाला, "अण्णा, मी शिरडीला तीस-चाळीस फेऱ्या केल्यात. मराठी येतं मला. स्वल्प स्वल्प."

अण्णा खिशात रुमाल शोधायला लागले. मुनीरभाई गाडीच्या पलीकडे गेले. त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

"शाफ्टचं काम केलं म्हणून सांगणार होता ना?" सिद्दराजू पुन्हा कन्नडात बोलायला लागला. "मी बघत होतो, अक्का काय बोलतात ते." मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती घाई होती. "अक्का, गाडी नीट होणार का?"

"होणार."

"सोमवारच्या आत?"

"आज."

तो मटकन टायरच्या ढिगावर बसला. "मग भांडण नंतर करू," तो म्हणाला. "आधी गाडी."

चारही चाकं काढली. थिनर लावून, पत्रीने खरवडून, वायर ब्रशने घासून मी टेकायची बाजू लोखंडापर्यंत मोकळी केली. मुनीरभाईंनी हब घासले. भोकांच्या कडा मी पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून साफ केल्या. मग चाकं लावली. नट आवळताना एका ओळीने आवळायचे नाहीत. एक आवळला की त्याच्या समोरचा, म्हणजे चाक सगळीकडून सारखं बसतं. खडू धरला. रेघ गोल उठली, गाडीवरही.

दुपार कलली तेव्हा आम्ही पुन्हा त्या रस्त्याला लागलो. या वेळी अण्णाही आले आणि मागे बसले. रीळ डॅशबोर्डवर उभी होती. सत्तर. ऐंशी. मी रिळीकडे बघायचं टाळत होते. खिडकीतून उसाचे मळे मागे जात होते.

"नव्वद," सिद्दराजू म्हणाला.

मी बघितलं. रीळ देवळातल्या समईसारखी उभी होती. सुटलेला दोऱ्याचा शेवट तेवढा वाऱ्याने हलत होता.

"शंभर करू?"

"नको," मी आणि अण्णा एकदम म्हणालो. सगळे हसले. अण्णा सगळ्यात शेवटी हसले, पण हसले. परतताना मी चहाही घेतला. या वेळी पूर्ण प्याले.

सोमवारी तो विमानतळावर गेला. संध्याकाळी त्याने गॅरेजात फोन केला. पाहुणे मंड्यापर्यंत झोपून गेले होते. काम त्याच्याकडेच राहिलं.

त्याआधीच, शनिवारी, अण्णांनी स्वतः फोन करून पूजेला रंगवलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. रस्त्यावरून परत येताना त्यांनी काय विचार केला ते त्यांनाच ठाऊक. गिऱ्हाइकांना त्यांनी सांगितलं, "आमची चूक आहे, या, फुकट करून देतो." काही गाड्यांचे नट बोटांनी फिरत होते. आठवडाभर मी रंग खरवडत होते. शेवटची गाडी गेली तेव्हा अग्रहारातल्या विठोबाच्या देवळापुढे थांबून मी नुसते हात जोडले. काही मागितलं नाही. कुणाला काही झालं नव्हतं, तेवढं पुष्कळ होतं.

राहिला पैशाचा प्रश्न. बॅलन्सिंगचे आणि बेअरिंगचे पैसे अण्णांनी लगेच दिले. टायरवर अडलं. "नवे टायर वापरायलाय की तो," अण्णा म्हणाले. मी म्हटलं, "त्याने मागितले नव्हते, अण्णा. आपण सांगितलं म्हणून घेतले." एकदा तोंड उघडलं की दुसऱ्यांदा थोडं सोपं जातं.

त्याचे जुने टायर आमच्याच शेडमध्ये पडून होते. ते त्याला परत चढवून दिले. नवे दोन दुसऱ्या गिऱ्हाइकाला कमी भावात गेले, ते पैसे सिद्दराजूला दिले. मधली तूट होती ती माझ्या सीट कव्हरच्या मजुरीतून कापा, असं मी सांगितलं. ब्रश माझा होता. अण्णांनी दोन महिने कापली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी पूर्ण मजुरी हातात ठेवली आणि म्हणाले, "बास. टायर घ्यायला मी सांगितलं होतं, तू नाही. राहिलेलं माझ्याकडे लागलं." पण त्या वर्षी धंदा मंद होता, म्हणून ते सिद्दराजूला थोडं थोडं देत राहिले.

पुढच्या आयुध पूजेला रंग पुन्हा मीच लावला. आधी वर्तमानपत्र घेतलं, चाकाच्या टेकायच्या कडेचं माप घेतलं आणि ब्लाउजचा बेत कापावा तशी गोल चकती कापली. ती चिकटवायची, मग रंगवायचं, मग चकती काढून टाकायची. आत लोखंड उघडं राहतं, दिसायला वाईट दिसतं. मुनीरभाई म्हणाले, "आपा, तुझे सासरे बघते तर हे चाक परत टाकते." मी म्हटलं, सासऱ्यांनी कधी चाक शिवलं नव्हतं. कपड्याची आतली बाजू नीट लागते आणि चाकाची उघडी लागते. मला हे शिकायला पाच-सहा दसरे लागले.

सिद्दराजूची गाडी शेवटी आली. मी चाकं रंगवली, वाळू दिली, मुनीरभाईंनी लावली. त्याने स्वतः खडू मागून घेतला, वाकून रेघ काढून बघितली आणि मान हलवली. मग अण्णा आतून आले. त्यांनी गाडीला हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि खिशातून पाकीट काढून सिद्दराजूच्या हातात दिलं. टायरच्या पैशातलं जे उरलं होतं, ते त्यात पूर्ण होतं.